ओरडते तिथे बघू नये

आवलीन टीचरनी माझ्यावर चोरीचा पहिला आळ घेतला तो एका हिरव्या खडूवरून. मी हायस्कूलमध्ये नुकतीच मराठी शिकवायला लागले होते. टीचर-रूममध्ये सगळ्यांसमोर त्यांनी माझा हात धरला, बोटं उलटसुलट करून बघितली, नखांत बघितलं. बोटांना पांढराच खडू होता. "धुतलंस वाटता," असं म्हणून त्या वर्गावर निघून गेल्या. मधल्या सुट्टीत तो खडू त्यांच्याच डस्टरखाली सापडला. मला वाटलं, आता माफी मागतील. टीचर म्हणाल्या, "गावलो म्हणान तू घेतलंस नाय असा होणा नाय. तू परत ठेवलंस असात."

ही माझी आणि त्यांची ओळख. पुढे कितीतरी वर्षं आमचे वर्ग शेजारी होते, मध्ये फक्त लाकडी फळ्यांची भिंत. घरंही शेजारी, मध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. म्हणजे दिवसभर त्यांचा आवाज आणि संध्याकाळी त्यांची नजर, यातून माझी सुटका नव्हती.

बाई दिसायला किरकोळ. शाळेत कडक इस्त्रीची साडी, घरी फुलाफुलांचा लांब गाऊन. गळ्यात पातळ सोन्याची चेन आणि तिला तांदळाएवढा खुरीस, म्हणजे क्रूस. बोलता बोलता त्या अंगठ्याने चेन ब्लाउजच्या आत सारायच्या, कारण समोरच्याची नजर चेनीवरच आहे याबद्दल त्यांची खात्री असायची. समोर पाद्री असला तरीसुद्धा. एसटी वेळेवर आली की त्या आधी पाटी वाचायच्या, मग कंडक्टरला विचारायच्या, मग खिडकीतल्या एखाद्या बाईला विचारायच्या, "ही मालवणाकच जाता मां?" बाई हो म्हणाली तरी चढताना चेहऱ्यावर असा भाव, की बघू, कुठे नेतायत ते.

मासळीबाजारात त्यांना येताना बघून कोळणी एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या. टीचर बांगड्याचे कल्ले वर करून बघायच्या, डोळ्यात बघायच्या, पोटावर बोट दाबायच्या, वास घ्यायच्या, पुन्हा डोळ्यात बघायच्या. एकदा सरिता नावाच्या कोळणीने कंबरेवर हात ठेवून त्यांना सांगितलं, "टीचर, बांगडो मेलोहा. आता तो जबानी देवचो नाय." सगळा बाजार हसला. टीचर हसल्या नाहीत. त्यांनी शेजारच्या पाटीतले बांगडे घेतले.

पण हाच संशय वर्गात गेला की त्याचं शास्त्र व्हायचं, हे मी फळ्यांच्या भिंतीला कान लावून ऐकलेलं आहे. सजीवांचं अनुकूलन हा त्यांचा जीव की प्राण असलेला धडा. पुस्तकात उंट होता, ध्रुवीय अस्वल होतं, निवडुंग होता. टीचर विचारायच्या, "तुमच्यातल्या कोणी उंट बघितलाय?" वर्ग गप्प. "अस्वल?" वर्ग गप्प. "मग ते आहेत हे कशावरून? पुस्तकात छापलंय म्हणून?" पोरं घाबरून एकमेकांकडे बघायची. मग टीचर म्हणायच्या, "मार्कांसाठी उंट पाठ करा. शिकायचं असेल तर छत्र्या घ्या आणि खाडीवर चला."

सोबत आणखी एक शिक्षिका असावी म्हणून मलाही नेत. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडलेला असायचा. कांदळांची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली. टीचर सांगायच्या, हा चिखल गुदमरवणारा आहे, नाक वर असलेलं झाडच इथे तगतं. कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळं दाखवायच्या. तिथे आल्यावर त्यांची शाळेतली शुद्ध मराठी गळून पडायची. "कुर्ली मोठी होवक लागली की तिका जुना कवच पुरणा नाय. ता टाकूक लागता. मगे नवा कवच घट्ट होयसर ती लोण्यासारखी मऊ. तेव्हा ती काय करता? बिळात बसता. तोंड दाखवणा नाय. आपण मऊ आसंव ह्या जगाक सांगाचा नसता. कळला?" पोरं माना डोलवायची. एखादा टारगट विचारायचा, "टीचर, मऊ कुर्ली खावक बरी लागता?" त्यालाही उत्तर मिळायचं, "तुझ्यासारख्या चौकशी करणाऱ्यांसाठीच ती लपता."

एका बाबतीत मात्र त्या कुणाची गय करायच्या नाहीत. उत्तरपत्रिकेत कुणी लिहिलं, की उंटाने वाळवंटात चालता यावं म्हणून आपले तळवे रुंद केले, की लाल शाईची फुली कागद फाटेपर्यंत. कुठलाही प्राणी ठरवून बदलत नाही, त्या सांगायच्या. जन्मतानाच थोडे वेगळे असतात काही, त्यातले ज्यांचं निभतं ते उरतात, त्यांची पिल्लं उरतात, बाकीचे संपतात. यात उंटाची हुशारी काही नाही. मी एकदा चहा पिताना चिडवायला विचारलं, "मगे माणसाचा काय, टीचर? माणूस तरी ठरवन बदलता मां?" त्यांनी कपातली साय बोटाने बाजूला केली आणि तिच्याकडेही संशयाने बघितलं. म्हणाल्या, "माणूस बदलणा नाय. तेका ना कवच, ना नांगी. म्हणान तो सोंगा घेता."

आणि टिटवीची गोष्ट. गावाच्या वरच्या अंगाला आमचा सडा आहे, उघडा काळा कातळ. एकदा आम्ही मुलांना घेऊन तिथे गेलो तर एक टिटवी जिवाच्या आकांताने ओरडत सुटली. अंगावर झेप घ्यायची, मग लांब जाऊन बसायची, पंख पसरून अंडी उबवत असल्यासारखी दबायची. सगळी पोरं तिच्यामागे धावली. मीही धावले, खोटं कशाला बोलू. टीचर जागच्या हलल्या नाहीत. टिटवीकडे पाठ करून त्या उलट्या बाजूचा कातळ न्याहाळत राहिल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी छत्रीचं टोक जमिनीकडे केलं. खड्यांमध्ये खड्यांच्याच रंगाची अंडी होती, एखाद्याचा पाय पडला असता इतकी उघडी. "ती ओरडता थंय कधी बघू नये," टीचर म्हणाल्या. "ओरडणाऱ्याक काय लपवचा आसा, ता खंय आसा ता बघा. आणि बघून झाला की परत फिरा, तिका त्रास देव नको."

या बाईच्या संशयाला एकच दरवाजा बंद होता. आंतोन, त्यांचा नवरा. चर्चच्या गायनाचं सगळं तेच बघायचे म्हणून गाव त्यांना मेस्त म्हणायचा. उंच, वाकलेला, मऊ आवाजाचा माणूस. बायकोच्या वाट्याचाही विश्वास यांनीच जगावर टाकलेला. अनोळखी माणसाला छत्री द्यायचे आणि ती परत आली नाही की म्हणायचे, "पाऊस थांबाक नसात अजून तेच्याकडे." चर्चमधली लग्नं, मयतं, फेस्त, सगळीकडे त्यांचा रेबेक असायचा. रेबेक म्हणजे व्हायोलिन, पण वाडीत व्हायोलिन म्हटलं तर मेस्तांनाच कळलं नसतं. लग्न जुळवायला टीचरच्या घरी गेले तेव्हाची हकीकत ते दर वेळी नव्याने सांगायचे. "सगळे बसलेले. हिणा माका इचारल्यान, तुमी खराच वाजवतास, की पेटी नुसती घेवन फिरतास? मगे काय करतंय? थंयच काढलंय आणि वाजवलंय." टीचर आतून ओरडायच्या, "अजून माझी खात्री होवक नाय." मेस्त खूश होऊन हसायचे. मला त्या घराचा त्या वेळी हेवा वाटायचा.

टीचर रिटायर झाल्या, मागोमाग मीही झाले. आणि त्यानंतर हळूहळू शेजारच्या घराचं काहीतरी बिनसत गेलं. आधी फाटकाला आतून कुलूप आलं. मग खिडकीला पडदे. मेस्त सकाळी पेपर आणायला तिठ्यावर जायचे, ते जाणं बंद झालं. रविवारी दोघं चर्चमध्ये मिसाला जात, पण टीचर त्यांच्या दंडाला धरून, कुणी बोलायला थांबलं की उत्तर स्वतः देऊन, पुढे चालू लागायच्या. मेस्त नुसते हसायचे. संध्याकाळी रेबेक ऐकू यायचा, पण दर वेळी त्याच सुरावटीपाशी येऊन थांबायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.

त्याच सुमाराला टीचरच्या संशयाला ऊत आला. चष्मा चोरीला गेला. घराची चावी चोरीला गेली. पाकीट गेलं, ते मागून तांदळाच्या डब्यात मिळालं, आणि तांदळाच्या डब्यात ते कोणी ठेवलं म्हणून दूधवाल्याचा उद्धार झाला. गडग्यापलीकडून रोज नवी फिर्याद ऐकू यायची. वाडीतली माणसं आधी हसली. मग कंटाळली. आणि मग वाडीनेच टीचरवर संशय घ्यायला सुरुवात केली. मेस्तांना ती कोंडून ठेवते. पोटाला देत नाही. गोळ्या घालून झोपवते. कुणी म्हणालं, मेस्तांच्या कपाळाला खोक बघितली. खोक मीही बघितली होती. टीचर म्हणाल्या होत्या, "दारात वाकूक इसारलो," आणि मला ते पटलं नव्हतं. आयुष्यभर स्वतःच्याच घराच्या दारातून वाकून जाणारा उंच माणूस वाकायचं विसरतो कसा?

एका दुपारी मी सरळ फणसाची भाजी घेऊन फाटकाशी उभी राहिले. टीचरनी कुलूप काढलं, पण स्वतः दारात उभ्या. आतून मेस्तांचा आवाज आला, "कोण तां? सुलभा काय? ये गो. तुझो बापूस बरो आसा मां?"

माझे वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मेस्त स्मशानापर्यंत आले होते, परत येताना भर रस्त्यात रडले होते.

टीचरनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते तेव्हा मला कळलं नाही. पुढच्या क्षणी त्या माझ्यावर कडाडल्या, "भाजीचा निमित्त काढून आमचे फणस मोजूक इलंस मां? गडग्यारसून दिसले नाय म्हणान?" आणि दार लावून घेतलं. मी भाजीचं भांडं हातात घेऊन परत आले. मला संताप आला होता. त्याहून जास्त काळजी वाटत होती, पण संताप मोठा होता म्हणून तोच आधी घरी पोचला. वडिलांविषयीचा तो प्रश्न मी मनाशी घोळवून बघितला. जेवणावरून उठलेल्या माणसाची गुंगी असेल असं वाटलं. पण मग ती गुंगी कसली, हाही प्रश्न राहिलाच.

कोणीतरी त्यांच्या मुलाला, लॉरीला, फोन केला. लॉरी वसईला असतो, तिथे त्याची बायको आणि दोन खोल्यांचा फ्लॅट. तो मे महिन्यात आला. चांगला मुलगा. माझाच विद्यार्थी, निबंधात नेहमी आईबद्दल भीतभीत लिहायचा. गडग्याशी येऊन मला म्हणाला, "काकी, लोक सांगतत ता माका खरा वाटणा नाय. पण काय तरी आसा. पप्पांका बरा नसलाच, तर दोगांकय वसईक घेवन जातलंय. घर बंद करतलंय. थंय दवाखानो जवळ आसा." मी विचारलं, "आणि मेस्त काय म्हणतत?" तो म्हणाला, "मम्मी बोलाक देयत तर मां! शनवारी खुरसाकडे लदीन आसा. पप्पा नेहमीसारखे वाजवतले तर मी समजान, सगळा बरा आसा."

त्याच संध्याकाळी मी केळीला पाणी घालत होते. गडग्याच्या पलीकडे, अगदी जवळ, मेस्तांचा आवाज आला. लहान मुलाचा यावा तसा हळू. "माका खंय नेव नको गो, आवलीन. हंय माका डोळे मिटूनय न्हाणयेत जाता येता. थंय माका वाट गावाची नाय." पाण्याची घागर हातात धरून मी तशीच उभी राहिले, हलले असते तर त्यांना कळलं असतं.

तिठ्यावरचा आमचा खुरीस चुन्याने रंगवलेला, दर मे महिन्यात त्याच्यापुढे लदीन म्हणतात. आम्ही हिंदूही अबोलीचे वळेसर घालतो, मेणबत्ती लावतो, आणि शेवटी वाटतात ते उकडलेले चणे खाऊन घरी येतो. त्या तिन्हीसांजेला वाडी जरा जास्तच जमली होती. बाप्ये एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. पुढच्या रांगेत चर्चमध्ये नव्याने कीबोर्ड वाजवणारा तरुण, आणि त्याच्या शेजारी हातात मेणबत्ती घेतलेला लॉरी. टीचर येऊन नेमक्या माझ्याच कुशीला उभ्या राहिल्या. फणसानंतर आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो.

मेस्त पुढे आले. पांढरा शर्ट, काळा कोट. रेबेक हनुवटीखाली गेला आणि गज तारांवर टेकला. लदीन म्हणजे मरियेच्या नावांची लांबलचक माळ. मेस्त एकेक नाव गाणार आणि लोक त्यावर 'ओरा प्रो नोबिस' म्हणणार, आमच्यासाठी विनंती कर. हा अर्थ मला टीचरनीच सांगितला होता आणि वर पाद्रीला विचारून खात्री करायला बजावलं होतं.

सुरुवात इतकी गोड झाली की मला वाटलं, आपण उगीच घाबरलो. आवाज थोडा कापत होता, पण गज सरळ चालला होता. निम्म्यावर आल्यावर एक नाव पुन्हा आलं. लोक म्हणाले, ओरा प्रो नोबिस. मग तेच नाव पुन्हा. लोक पुन्हा म्हणाले, कारण लदिनीत तोंडाला सवय असते, कान झोपलेले असतात. पुन्हा तेच नाव. आता कीबोर्डवाल्या तरुणाने मान वर केली. लॉरीच्या हातातली मेणबत्ती कलली आणि मेण त्याच्या बोटांवर सांडलं.

शेजारी काहीतरी हललं म्हणून मी बघितलं. टीचरचा अंगठा गळ्याशी गेला, चेन ब्लाउजच्या आत सरली, खुरसासकट. आणि मग त्या किंचाळल्या.

"माझी चेन! मेल्यांनो, माझी चेन गेली!"

रेबेक थांबला. सगळा तिठा वळला. टीचरनी माझ्या तोंडासमोर बोट नाचवलं. "हिनाच घेतल्यान! माझ्या कुशीक हीच उभी होती! शाळेत होती तेव्हापासून हिचे हात तसले! शिरा पडो तुझ्या हातांर!"

माझ्या कानातून वाफा निघाल्या. जन्म गेला या वाडीत, अर्ध्या गावाला मी मराठी शिकवली, आणि आता खुरसासमोर चोर? "गळ्यातच आसा तुमच्या," हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. आता बोलणार, तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या डोळ्यांकडे गेलं. बोट माझ्यावर होतं. डोळे माझ्यावर नव्हते. ते मेणबत्त्यांच्या वरून पलीकडे मेस्तांवर होते, आणि इतके घाबरलेले डोळे मी त्या बाईचे कधी बघितले नव्हते.

मेस्त गज खाली सोडून उभे होते आणि सगळ्यांकडे बघून हसत होते. घरी पाहुणे आलेत, पण कोण ते आठवत नाही, अशा वेळी माणूस हसतो तसं. त्यांच्याकडे कोणीही बघत नव्हतं. सगळी वाडी टिटवीमागे धावली होती. मला सडा आठवला, आणि तांदळाच्या डब्यातलं पाकीट, आणि कपाळाची खोक, आणि माझ्या बापाची विचारपूस. इतक्या महिन्यांचं सगळं ओरडणं एकदम कळलं आणि मला तिथेच रडू यायचं बाकी राहिलं.

लॉरी गर्दीतून आला. "काकी, तुमी बघलास काय मम्मीची चेन?"

मी पदर कमरेला खोचला. "माका इचारतंस तू? माका?" मग टीचरकडे वळले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अगंतुगं केलं. "गो आवलीन! माका चोर म्हणतंस? तुझी ती दोऱ्यासारखी चेन चोरून मी काय करू, कपडे सुकवू तिच्यार? तुझे फणस मी मोजतंय, तुझे खडू मी चोरतंय! तुझ्या घरात चोरण्यासारखा आसा तरी काय गो?"

ती एक क्षण थबकली. मग तिच्या डोळ्यात काहीतरी चमकलं आणि तिने माझ्या सात पिढ्या काढल्या. मीही मागे राहिले नाही. भांडण असं रंगलं की मिसाला नियमाने जाणाऱ्या म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. शेवटी एक जण ओरडला, "टीचर, लदीन चालू आसा! लाज बाळगा!"

"चालू रवांदे," टीचर म्हणाल्या. "पण ह्या चोरांत मी उभी रवाचंय नाय. मी माझ्या घोवाच्या बाजूक रवतलंय." आणि बाप्यांची रांग चिरून त्या थेट मेस्तांच्या डाव्या हाताला जाऊन उभ्या राहिल्या. एरवी त्या जागी बाईमाणूस उभं राहत नाही. पण पिसाळलेल्या बाईला कोण अडवणार? त्यांनी मेस्तांच्या कोटाची बाही नीट केली, हलकेच पुढचं नाव पुटपुटलं, आणि मेस्तांचा गज उचलला गेला. मग शेवटपर्यंत त्यांचे ओठ आधी हलत होते आणि मेस्तांचा आवाज मागून येत होता. एकही नाव चुकलं नाही. हे कुणी बघितलं नाही, कारण सगळे माझ्याकडे बघत होते.

लॉरी दोन दिवसांनी एकटाच वसईला गेला. जाताना गडग्याशी आला, माझ्यासमोर हात जोडले. "मम्मीच्या वतीन माफ करा, काकी. पप्पा बरे आसत, तेंनी लदीन पुरी केल्यानी. बिघडलाहा ता मम्मीचाच. पण तिका फ्लॅटात घेवन गेलंय तर ती शेजाऱ्यांक पोलिसात देयत. हंयच बरी." मी म्हटलं, "होय रे बाबा. हंयच बरी."

लदिनीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गडग्यावर एक वाटी ठेवलेली दिसली, उकडलेल्या चण्यांनी भरलेली. टीचर पलीकडे पाठमोऱ्या उभ्या राहून मिरच्या खुडत होत्या. मी विचारलं, "चेन गावली?"

"गावली," त्या न वळता म्हणाल्या. "तू परत ठेवलंस असात." आणि थोड्या वेळाने, "वाटी धुवन परत दी हां. स्टीलची आसा."

एवढंच. मेस्तांबद्दल आम्ही कधी अक्षर बोललो नाही, ना त्या दिवशी, ना नंतर. त्यांनी एकदाही आभार मानले नाहीत आणि मला ते बरं वाटलं. मानले असते तर बोलावं लागलं असतं. पण माझं काम वाढलं. दारात मीटर बघायला माणूस आला आणि मेस्त आतून भलतंच काही विचारू लागले की पलीकडून हाक यायची, "सुलभा! माझे दोन नारळ खंय गेले?" मी हातातलं टाकून बाहेर यायची आणि तारस्वरात सांगायची, "तुझ्या नारळांका रोग पडलोहा, ते कोण चोरतलो?" मीटरवाला घाईघाईने आकडा लिहून पळायचा. वाडीत आमच्या दोघींच्या वेडाच्या गोष्टी झाल्या. सुरुवातीला मला वाईट वाटायचं. मग सवय झाली. खरं सांगायचं तर एखाद्या दिवशी हाक आली नाही तर चुकल्यासारखं व्हायचं.

टीचरचा मूळचा संशय कुठे संपला आणि घेतलेला कुठे सुरू झाला, हे मला आजही सांगता येणार नाही. बांगड्याचे कल्ले तर त्या शेवटपर्यंत तसेच वर करून बघायच्या.

मग माझे गुडघे गेले आणि लेकीने मला तळेऱ्याला तिच्याकडे न्यायचं ठरवलं. निघायच्या सकाळी रिक्षा दाराशी उभी होती, सामान चढलं होतं. टीचर गडग्याशी आल्या. खूप वाळल्या होत्या. गाऊनच्या गळ्यातून चेन बाहेर लोंबत होती आणि ती आत सारायला त्या विसरल्या होत्या. मीच हात पुढे करून ती आत सारली. त्यांनी सारू दिली.

"तळेऱ्याक सगळे रस्ते एकत्र येतत," त्या म्हणाल्या. "सतरा गावची माणसा. कोणार इस्वास ठेव नको."

मी म्हटलं, "नाय ठेवणंय." आणि रिक्षात बसले.

तेवढ्यात त्यांचं दार उघडलं. मेस्त अंगणात आले. काळा कोट, खाली लुंगी. हातात नुसता गज होता, रेबेक नव्हता. ते सरळ फाटकापर्यंत आले आणि रिक्षावाल्याला अदबीने विचारू लागले, "लदीन सुरू जाली? माका कोणी बोलावक इला नाय." रिक्षावाला खालच्या वाडीतला पोरगा. तो मान पुढे काढून त्यांच्याकडे निरखून बघायला लागला.

"बॅग उघड!" टीचरचा आवाज सगळ्या वाडीला ऐकू गेला. "उघड ती बॅग! माझी तांब्याची कळशी घेवन चललंस मां? जाता जाता सुदीक हात मारलंस!"

मी अर्धी रिक्षाबाहेर आले. गुडघ्यातून कळ गेली. "शिरा पडली तुझ्या कळशीर! तुझ्या गळक्या कळशीक तळेऱ्याक कोण इचारता गो, आवलीन?" आवाज मध्येच फुटला. रागाने फुटला असं कोणालाही वाटलं असतं. ती ओरडत होती, मी ओरडत होते, आणि ओरडता ओरडताच तिने मेस्तांच्या कोटाची बाही धरून त्यांना वळवलं आणि घराकडे न्यायला लागली.

रिक्षा सुटली. तिठ्यावरचा खुरीस मागे पडला तरी टीचरचा आवाज येतच होता. पोरगा आरशातून माझ्याकडे बघून हसला.

"ही टीचर येडी झालीहा मां, बाई?"

"पयल्यापासून तशीच आसा," मी म्हटलं.

त्याने वळणावर हॉर्न दिला. मग आरशातूनच म्हणाला, "पण माका मेस्तांचाच कायतरी..."

"मेस्तांका काय झाला नाय," मी म्हटलं. "तुका कित्याक व्हयी ती चौकशी? तू फुडे बघून चालव."